पिशवी काढलेली, त्यात स्तनाचा कॅन्सर: मग इस्ट्रोजेनचं काय करायचं?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, लाइट (रेडिएशन) असं सगळं पार पडलं की डॉक्टर सांगतात, "आता पाच वर्षं हार्मोनची गोळी घ्यायची. एक दिवसही चुकवायची नाही." काही महिन्यांनी त्याच बाईच्या अंगातून वाफा निघायला लागतात, रात्री गाऊन घामाने भिजतो, झोप उडते. ती घराजवळच्या दवाखान्यात जाते. तिथे आधीच्या आजाराची नीट चौकशी झाली नाही, तर सल्ला मिळतो, "पाळी गेल्यामुळे होतंय हे, हार्मोनची गोळी सुरू करू."

या दोन गोळ्या एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत. पहिली शरीरातल्या इस्ट्रोजेनला, म्हणजे बाईच्या मुख्य हार्मोनला, अडवते किंवा ते तयारच होऊ देत नाही. दुसरी बाहेरून इस्ट्रोजेन पुरवते. दोन्ही एकत्र घेणं म्हणजे कॅन्सरच्या उपचारावर पाणी सोडणं. तरीही हे घडतं, कारण दोन्हींना सरसकट 'हार्मोनची गोळी' म्हटलं जातं आणि बाईला दोन्हींतला फरक कुणी बसून समजावलेला नसतो.

त्यात पिशवी आधीच काढलेली असेल तर गुंता आणखी वाढतो. "माझी पिशवी काढलीये, मग माझ्या अंगात इस्ट्रोजेन कुठून येणार?" असं कितीतरी जणी विचारतात. काही जणींनी याच्या उलट वाचलेलं असतं, की पिशवी काढलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन चालतं, त्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढत नाही. दोन्ही गोष्टींत थोडं तथ्य आहे, पण त्या जशाच्या तशा स्वतःला लावल्या तर नुकसान होऊ शकतं. कोणत्याही बाईला योग्य सल्ला हवा असेल तर आधी तीन गोष्टी माहीत हव्यात: तिचे अंडाशय शरीरात आहेत की नाहीत, तिची गाठ कोणत्या प्रकारची होती, आणि सध्या ती नेमकं कोणतं औषध घेते आहे. हे कळल्याशिवाय दिलेला 'घ्या' किंवा 'घेऊ नका' हा सल्ला निव्वळ अंदाज असतो.

पिशवी गेली म्हणजे काय काय गेलं?

पिशवी म्हणजे गर्भाशय. गर्भाशय इस्ट्रोजेन तयार करत नाही. ते तयार होतं दोन्ही बाजूंच्या अंडाशयांत. दर महिन्याला येणारं रक्त गर्भाशयाच्या अस्तरातून येतं, त्यामुळे पिशवी काढली की पाळी बंद होते. पण अंडाशय जागेवर असतील तर ते आपलं काम करतच राहतात. अशा बाईची पाळी गेलेली असते, पण मेनोपॉज, म्हणजे अंडाशयांचं काम थांबणं, आलेला नसतो. नैसर्गिक मेनोपॉजपेक्षा तो थोडा लवकर येऊ शकतो, पण ऑपरेशनच्या दिवशी येत नाही. तो कधी आला हेही तिला चटकन कळत नाही, कारण ज्या खुणेवरून बाकीच्या बायका ओळखतात ती पाळीच तिला नसते.

दोन्ही अंडाशयही काढले असतील तर गोष्ट पूर्ण वेगळी. मग एका दिवसात इस्ट्रोजेन खाली येतं. नैसर्गिक मेनोपॉजमध्ये शरीराला सवय व्हायला काही वर्षं मिळतात, इथे ती मिळत नाहीत. म्हणून वाफा, घाम, चिडचिड, योनीचा कोरडेपणा हे सगळं जास्त तीव्र असतं, आणि बाई पंचेचाळिशीच्या आतली असेल तर पुढे हाडं आणि हृदय दोन्हींची काळजी घ्यावी लागते.

महाराष्ट्रात हा प्रश्न फार मोठा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. देशभराची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आकडेवारी पाहिली, तर १५ ते ४९ वयोगटात पिशवी काढलेल्या बायकांचं ऑपरेशनच्या वेळचं मधलं वय चौतिशीच्या आसपास येतं. चौतिसाव्या वर्षी अंडाशय ठेवले की काढले, यावर त्या बाईची पुढची पंधरा वर्षं अवलंबून असतात. आणि नेमकं हेच तिला अनेकदा सांगितलेलं नसतं. विचारलं तर ती म्हणते, "सगळं काढलं." या 'सगळं'मध्ये काय काय होतं, हे कागदावरच कळतं.

माझ्या मावशीची फाईल घेऊन बसले होते तेव्हा हे जवळून पाहिलं. पिशवी काढल्याला बरीच वर्षं झाली होती, डिस्चार्ज कार्ड पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. त्यावर ऑपरेशनचं नाव म्हणून तीनच अक्षरं होती: टी.ए.एच. म्हणजे पोटावरून छेद घेऊन गर्भाशय काढलं. त्यापुढे बी.एस.ओ. ही अक्षरं असती तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयही काढले असा अर्थ झाला असता. ती नव्हती. पण अक्षरं नाहीत म्हणजे अंडाशय आहेतच, असं धरून चालत नाही. घाईत लिहायचं राहूनही जातं. पक्का कागद मिळाला तो प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तळाशी, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. काढलेला अवयव तपासायला जातो तेव्हा बरणीत काय काय आलं याची नोंद तिथे पहिल्याच परिच्छेदात असते. तिथे गर्भाशय आणि गर्भाशयमुख यांची मापं सेंटिमीटरमध्ये होती. अंडाशयांचा उल्लेख नव्हता. म्हणजे ते मावशीच्या पोटातच होते, आणि पन्नाशीच्या आतल्या बाईचे असल्याने चालू असण्याचीही दाट शक्यता होती.

कागद सापडलेच नाहीत, तर सोनोग्राफीत अंडाशय दिसतात का ते पाहतात, आणि रक्तात एफ.एस.एच. (अंडाशयाला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) व इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) तपासतात. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथून जुने कागद मागण्याचा बाईला पूर्ण अधिकार आहे. जरूर मागावेत.

गाठीचा स्वभाव

१८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या एका तरुण बाईचे अंडाशय त्याने काढले होते आणि तिच्या गाठी विरल्या होत्या. त्या काळी इस्ट्रोजेन कुणाला माहीतही नव्हतं. स्तनाच्या गाठीचा अंडाशयाशी संबंध का असावा, याचं उत्तर मिळायला आणखी साठेक वर्षं गेली. शिकागोत एलवूड जेन्सन यांनी दाखवून दिलं, की काही पेशींमध्ये इस्ट्रोजेनला पकडणारी प्रथिनं असतात. त्यांनाच रिसेप्टर म्हणतात. इस्ट्रोजेन त्यांना चिकटलं की पेशीला वाढायचा निरोप मिळतो.

म्हणूनच आज गाठीचा तुकडा तपासताना आय.एच.सी. नावाची चाचणी करतात आणि रिपोर्टवर तीन गोष्टी लिहितात: ई.आर., पी.आर. आणि हर-टू. पी.आर. म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा रिसेप्टर, हर-टू म्हणजे पेशीला वाढायला लावणारं आणखी एक प्रथिन, आणि ई.आर. म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. एक टक्का पेशींमध्ये जरी तो आढळला तरी गाठ 'पॉझिटिव्ह' धरतात. काही लॅब ८ पैकी गुण देतात, त्याला ऑलरेड स्कोअर म्हणतात. ई.आर. पॉझिटिव्ह गाठीला इस्ट्रोजेन खाद्य पुरवतं. तिन्ही निगेटिव्ह असतील तर ती ट्रिपल निगेटिव्ह, आणि तिथे इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नसतो. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण जास्त आहे, आणि आपल्या बायकांना हा कॅन्सर साधारण दहा वर्षं लवकर होतो. म्हणजे मेनोपॉज न आलेल्या रुग्ण आपल्याकडे पुष्कळ असतात.

रोखणारी गोळी, आणि पिशवी काढलेल्या बाईसाठीचा सापळा

इस्ट्रोजेन रोखायचे मुख्य मार्ग दोन.

पहिला टॅमॉक्सिफेनचा. ती इस्ट्रोजेनचं उत्पादन थांबवत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ती पेशीतल्या रिसेप्टरची जागा अडवून बसते. इस्ट्रोजेन येतं, पण त्याला बसायला जागा नसते. मेनोपॉज आलेला असो वा नसो, ही गोळी दोन्हींत चालते, म्हणूनच तरुण रुग्णांमध्ये ती इतकी वापरली जाते. ई.आर. पॉझिटिव्ह रुग्णांनी पाच वर्षं नीट घेतली तर पुढच्या पंधरा वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. गोळीची किंमत पाहता हे फार मोठं यश आहे, आणि ती अर्ध्यावर सोडणाऱ्या बायका पाहिल्या की जीव तुटतो.

टॅमॉक्सिफेन सगळीकडे अडवणूक करत नाही. गर्भाशयात ती उलट इस्ट्रोजेनसारखी वागते, त्यामुळे मेनोपॉजनंतरच्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. मुळात तो धोका लहान असतो, पण अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवायला सांगतात ते यासाठीच. पिशवी पूर्ण काढलेली असेल तर ही काळजी उरत नाही. रक्ताच्या गुठळीची मात्र उरते: एका पायाला अचानक सूज, पोटरीत दुखणं, दम लागणं असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दुसरा मार्ग लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्यांचा. मेनोपॉजनंतर अंडाशय थंडावतात, तरी इस्ट्रोजेन शून्यावर जात नाही. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काही कच्ची संप्रेरकं बनवतात, आणि चरबी, स्नायू वगैरे ठिकाणी अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर त्यांचं इस्ट्रोजेन करतं. या गोळ्या ते विकर बंद पाडतात. मेनोपॉजनंतरच्या बायकांमध्ये त्या टॅमॉक्सिफेनपेक्षा थोड्या सरस ठरल्या आहेत.

सापळा इथे आहे. या गोळ्या फक्त अंडाशय थंडावलेल्या बाईतच नीट काम करतात. चालू अंडाशय असलेल्या बाईने यांतली नुसती गोळीच घेतली, तर इस्ट्रोजेन कमी झाल्याचं मेंदूला कळतं, तो एफ.एस.एच. वाढवतो आणि अंडाशयाला आणखी जोरात कामाला लावतो. हेच लेट्रोझोल वंध्यत्वाच्या दवाखान्यात बीज तयार व्हावं म्हणून मुद्दाम देतात! म्हणजे ज्या बाईचं इस्ट्रोजेन दाबायचं आहे, तिचं वाढू शकतं.

आता कल्पना करा. चव्वेचाळीस वर्षांची बाई. अडतिसाव्या वर्षी पिशवी काढली, अंडाशय ठेवले. स्तनाची गाठ निघाली, ई.आर. पॉझिटिव्ह. गर्दीच्या ओपीडीत प्रश्न येतो, "पाळी येते का?" ती म्हणते, "नाही, सहा वर्षं झाली." तिचं उत्तर खरं आहे, पण त्यावरून मेनोपॉज झालाय असं ठरवलं तर गोळी चुकीची निवडली जाईल. म्हणून पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईने हे वाक्य पूर्ण बोलावं: "पाळी येत नाही, कारण पिशवी काढलीये, अंडाशय ठेवलेत." किंवा, "ठेवलेत की नाही माहीत नाही, तपासायला हवं." या एका वाक्याने उपचार बदलू शकतो.

रक्ताच्या तपासणीवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. केमोने अंडाशय काही काळ झोपतात आणि तरुण बायकांमध्ये महिन्यांनी पुन्हा जागे होतात. टॅमॉक्सिफेन चालू असताना एफ.एस.एच.चा आकडा फसवू शकतो. त्यामुळे साठीच्या आतल्या बाईत अंडाशय काढल्याची खात्री नसेल, तर डॉक्टर सावध राहतात: टॅमॉक्सिफेनवर ठेवतात, किंवा अंडाशय झोपवणारं गोसेरेलिन अथवा ल्यूप्रोलाइडचं इंजेक्शन देऊन सोबत दुसऱ्या गटातली गोळी देतात, आणि इस्ट्रॅडिओल मधूनमधून तपासत राहतात. काही जणींचे अंडाशय दुर्बिणीने काढून टाकतात.

मग बाहेरून इस्ट्रोजेन घेतलं तर?

इथे लोकांच्या मनात वेगवेगळ्या अभ्यासांची सरमिसळ झालेली असते.

अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचे दोन भाग होते. पिशवी असलेल्या बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध, यालाच प्रोजेस्टोजेनही म्हणतात) एकत्र दिलं. पिशवी असेल तर प्रोजेस्टिन द्यावंच लागतं, नाहीतर नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढत जाऊन तिथे कॅन्सर होऊ शकतो. हा भाग २००२ मध्ये मधेच थांबवला, कारण स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला: दर दहा हजार बायकांमागे वर्षाला आठ जास्त. बातमी जगभर गेली आणि हार्मोनच्या गोळ्यांची धास्ती बसली.

दुसऱ्या भागात पिशवी काढलेल्या १०,७३९ बायका होत्या. त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं. तो भाग २००४ मध्ये थांबवला तो पक्षाघाताचं प्रमाण वाढल्यामुळे. स्तनाचा कॅन्सर त्यांच्यात वाढला नाही. पुढे वीसेक वर्षं लक्ष ठेवल्यावर तो उलट कमीच आढळला.

'पिशवी नसेल तर इस्ट्रोजेन चालतं' हे वाक्य आलं ते इथून. पण त्या बायकांना अभ्यासात घेताना त्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला नव्हता. ज्यांना होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी वेगळे अभ्यास झाले आणि त्यांचं उत्तर वेगळं आलं.

स्वीडनमधल्या हॅबिट्स अभ्यासात कॅन्सर होऊन गेलेल्या ४४२ बायकांचे दोन समान गट केले. हार्मोन घेणाऱ्या २२१ पैकी ३९ जणींना कॅन्सर पुन्हा किंवा नव्याने झाला, न घेणाऱ्या २२१ पैकी १७ जणींना. दुप्पटीहून जास्त. अभ्यास २००३ च्या अखेरीस थांबवावा लागला. त्याच सुमारास स्टॉकहोमला झालेल्या अभ्यासात प्रोजेस्टोजेन कमी वापरलं होतं आणि सुरुवातीला धोका वाढलेला दिसला नाही. पण दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा हार्मोन घेतलेल्यांच्या दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर जास्त आढळला. टिबोलोन या मेनोपॉजच्या त्रासासाठीच्या हार्मोनसारख्या गोळीवर तीन हजारांहून जास्त रुग्णांचा लिबरेट अभ्यास २००९ मध्ये आला. टिबोलोन घेणाऱ्या १५.२ टक्के जणींना कॅन्सर परतला, न घेणाऱ्या १०.७ टक्के जणींना. टिबोलोन आपल्याकडे मिळते आणि 'ही साधी हार्मोनची गोळी नव्हे' असं सांगून सुचवलीही जाते, म्हणून हे नाव लक्षात ठेवावं.

त्यामुळे आजही सर्वसाधारण सल्ला स्पष्ट आहे: स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, विशेषतः ई.आर. पॉझिटिव्ह, तर पोटात घ्यायचं किंवा त्वचेवर लावायचं, सबंध शरीरात जाणारं इस्ट्रोजेन टाळायचं. पिशवी असो वा नसो. पॅच आणि जेलही यात आले. रक्तात गेलेलं इस्ट्रोजेन कुठल्या वाटेने गेलं याने गाठीला फरक पडत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफ.डी.ए. या औषध नियंत्रण संस्थेने मेनोपॉजच्या हार्मोन औषधांवरचे ठळक इशारे काढण्याची घोषणा केली आणि 'हार्मोन आता सुरक्षित' अशा अर्थाचे मेसेज फिरू लागले. निरोगी बायकांना अनावश्यक भीती घातली गेली होती, हे खरंच आहे. पन्नाशीच्या आसपासच्या निरोगी बाईला या उपचाराचा मोठा फायदा होऊ शकतो. पण तो बदल स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईसाठी नाही. तो मेसेज पाहून एखादीने टॅमॉक्सिफेन सोडून इस्ट्रोजेन सुरू करावं, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

पण त्रासाचं काय?

'सहन करा, जीव वाचला ना' हे उत्तर मला मान्य नाही. त्रास असह्य झाला की बायका कुणालाही न सांगता गोळी बंद करतात, आणि मग कॅन्सर परतायची शक्यता वाढते. त्यामुळे त्रासावर इलाज करणं हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे.

वाफा आणि घामासाठी बिनहार्मोनी औषधं आहेत. व्हेनलाफॅक्सिन हे मुळात नैराश्याचं औषध, कमी मात्रेत वाफांवर चांगलं काम करतं. रात्रीच्या घामाला आणि झोपेला गॅबापेंटिन उपयोगी पडतं. ऑक्सिब्युटिनिनही देतात. मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या पेशींवर थेट काम करणाऱ्या नव्या गोळ्याही आल्या आहेत. त्यांतल्या एलिन्झानेटंटची चाचणी खास स्तनाच्या कॅन्सरमुळे इस्ट्रोजेनरोधक गोळी घेणाऱ्या बायकांवर झाली आणि वाफा कमी झाल्या. मात्र एक खबरदारी: टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर तिचं खरं प्रभावी रूप तयार होतं, आणि पॅरॉक्सेटिन व फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची औषधं नेमकं तेच अडवतात. मन उदास आहे म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आधी सांगा. व्हेनलाफॅक्सिनची ही अडचण नाही.

योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला वारंवार जळजळ. याबद्दल आपल्याकडे बायका नवऱ्याशीही बोलत नाहीत आणि डॉक्टरांशीही. बोलावं. वाफा काळाबरोबर कमी होतात, हा त्रास मात्र वाढत जातो. सुरुवात बिनहार्मोनी मॉइश्चरायझरने करतात: हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल आठवड्यातून दोन-तीनदा, फक्त संबंधाच्या वेळी नव्हे तर नियमाने, आणि संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित वंगण. त्याने भागलं नाही तर योनीत लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेन क्रीमचा विचार होतो. त्यातलं रक्तात फार थोडं जातं. डेन्मार्कच्या मोठ्या पाहणीत असं क्रीम वापरणाऱ्यांमध्ये एकूणात कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलं नाही, मात्र लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये थोडं वाढलेलं दिसलं, मृत्यू वाढले नाहीत. त्यामुळे टॅमॉक्सिफेनवर असलेल्या बाईला हे क्रीम देताना डॉक्टर कमी कचरतात. लेट्रोझोलवर असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ट्यूबला हात लावू नये.

घरगुती उपायांबद्दल. सोयाबीनची भाजी, टोफू, जवसाची चटणी हे अन्न म्हणून खायला हरकत नाही. शांघायमध्ये पाच हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात सोया खाणाऱ्यांमध्ये कॅन्सर परतण्याचं प्रमाण कमीच होतं. सोयाच्या आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या मात्र नकोत. अन्नातल्यापेक्षा तिथे मात्रा कितीतरी जास्त असते. शतावरी कल्प आपल्याकडे बाळंतिणीपासून मेनोपॉजपर्यंत सगळ्यांना दिला जातो. त्यात इस्ट्रोजेनसारखे गुण असल्याचं मानलं जातं, आणि अनेक जणी तो घेतात त्यामागचं कारणही तेच. मग ई.आर. पॉझिटिव्ह बाईने तो 'आयुर्वेदिकच तर आहे' म्हणून घेऊ नये. जे काही घेत असाल, काढा, चूर्ण, कल्प, ते डॉक्टरांपुढे ठेवा.

हाडांकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्या हाडं झपाट्याने विरळ करतात, आणि अंडाशय लवकर काढलेल्या बाईची झीज आधीच सुरू झालेली असते. गोळी सुरू करतानाच डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्यावा आणि साधारण दोन वर्षांनी पुन्हा. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. रोजच्या जेवणात नाचणी असावी, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. आणि चालण्याबरोबर वजन उचलण्याचा व्यायाम करावा. सांधे सकाळी धरतात, बोटं वळत नाहीत, ही या गोळ्यांची नेहमीची तक्रार. त्यालाही व्यायामानेच सर्वांत जास्त आराम पडतो, आणि नाहीच जमलं तर एकाच गटातली दुसरी गोळी देऊन पाहता येते. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची सलाईन दिली तर मेनोपॉजनंतरच्या बायकांमध्ये कॅन्सर हाडांत परतण्याचं प्रमाणही थोडं कमी होतं. हाडांसाठीचंच डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन चालू असेल तर तारीख चुकवायची नाही आणि मनाने बंद करायचं नाही. अचानक थांबवलं तर मणके मोडल्याची उदाहरणं आहेत.

जिथे उत्तर इतकं सरळ नाही

दोन गटांतल्या बायकांना वरचा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही.

पहिल्या गटाला अजून कॅन्सर झालेलाच नाही, पण घरात आई, मावशी, बहीण असा इतिहास आहे आणि बी.आर.सी.ए. जनुकात दोष सापडला आहे, ज्याने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. अंडाशयाच्या कॅन्सरपासून बचाव म्हणून त्यांचे अंडाशय चाळिशीच्या आसपास काढतात. स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल तर अशा बाईला मेनोपॉजच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देता येतात, आणि हाडं-हृदयासाठी बहुधा द्यावेतच. पिशवीही काढलेली असेल तर नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. घरातल्या दुसऱ्या कुणाचा कॅन्सर पाहून तिला हे नाकारणं चूक आहे.

दुसरा गट तरुण, ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर होऊन गेलेल्या, आणि दोन्ही अंडाशय काढलेल्या बायकांचा. त्यांच्या गाठीला इस्ट्रोजेन खाद्य पुरवत नव्हतं. तरी दुसऱ्या स्तनात नवी गाठ झालीच, तर ती ई.आर. पॉझिटिव्ह असू शकते, म्हणून मार्गदर्शक सूचना सावधच राहतात. दुसऱ्या बाजूला, पस्तिशीत इस्ट्रोजेन गेल्यावर हाडांचं आणि हृदयाचं जे होतं तेही काही छोटं नसतं. बाकी सगळे उपाय करूनही जगणं अवघड झालेलं असेल, तर अशा बाईच्या बाबतीत काही तज्ज्ञ मर्यादित काळासाठी हार्मोनचा विचार करतात. दोन्ही स्तन काढलेत का, गाठ होऊन किती वर्षं झाली, लिंफ ग्रंथींत कॅन्सर होता का, गुठळीचा इतिहास आहे का, हे सगळं पाहून. हा निर्णय कॅन्सरचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी एकमेकांशी बोलून, त्या बाईला समोर बसवून घ्यायचा असतो. एकाच्या चिठ्ठीवर दुसऱ्याने गोळी लिहून देऊन नव्हे. ते दोघे वेगळ्या शहरांत असतील तर फोनवर बोलायची विनंती करावी. चांगले डॉक्टर त्याला नाही म्हणत नाहीत.